नाशिकची पहाट आणि लांब पल्ल्याची धाव

थंडीच्या दिवसांत नाशिक शहर उजाडण्यापूर्वीच जागे होते. रामकुंडावर यात्रेकरूंची वर्दळ सुरू झालेली असते, भाजीपाल्याच्या गाड्या बाजार समितीकडे वळत असतात आणि त्याच वेळी गंगापूर रोडवर कानटोप्या घातलेली माणसे पश्चिमेकडे धावताना दिसतात. त्यांत कापडाच्या पेढीवर बसणारे असतात, औषधांचे व्यापारी असतात, डॉक्टर आणि गृहिणीही असतात. कोणाचेही उदरभरण या धावण्यावर अवलंबून नसते. हा रस्ता सोमेश्वरच्या धबधब्याजवळून गंगापूर धरणाच्या दिशेने जातो. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरांची उंची, गोदावरीकाठची झाडी आणि शेजारच्या निफाडला द्राक्षबागांची काळजी लावणारी कोरडी थंडी, यांमुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धावणाऱ्यांना पर्वणीच वाटतो. जानेवारीत येथे सार्वजनिक धावस्पर्धाही होतात.

या हौशी धावकांच्या कितीतरी आधी या जिल्ह्यात धावणे होते. मात्र ते हौसेचे नव्हते. सावरपाडा या आदिवासी गावात १९८५ साली जन्मलेल्या कविता राऊत यांच्या बालपणी पाण्यासाठी दूरवर अनवाणी पायपीट करावी लागे. पुढे नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या मार्गदर्शनाखाली, भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर त्यांनी सराव केला. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. या स्पर्धेच्या इतिहासात धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीत पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत याच अंतरात त्यांना रौप्यपदक मिळाले. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या झाल्यानंतर सुवर्णविजेत्या प्रीजा श्रीधरन आणि कविता यांच्यात एका सेकंदाचेही अंतर नव्हते. ‘सावरपाडा एक्स्प्रेस’ हे नाव नाशिककरांच्या तोंडी कायमचे बसले ते तेव्हापासून.

लांब पल्ल्याची आणखी एक जुनी परंपरा या भूमीत आहे. घटस्थापनेच्या सुमारास नाशिक आणि खानदेशातील तरुण वणीच्या सप्तशृंगी गडावर ज्योत पेटवतात आणि ती हाती घेऊन आळीपाळीने धावत आपापल्या गावी आणतात. नाशिकपासून गड सुमारे ६० किलोमीटरांवर आहे. खानदेशातील गावे त्याहून कितीतरी दूर. एरवी शंभर पावलेही न धावणारा मुलगा त्या रात्री कित्येक किलोमीटर पार करतो. हाती ज्योत असते, सोबत गावचे मित्र असतात आणि मागून येणाऱ्या टेम्पोवर गाणी वाजत असतात.

या गाण्यांचा परिणाम भासमान नाही. मध्यम वेगाच्या श्रमात ठेक्याचे संगीत ऐकताना थकव्याची जाणीव कमी होते, असे व्यायामशास्त्राचे अभ्यासक सांगतात. श्रम मात्र तेवढेच राहतात. मन त्यांच्यावरून दुसरीकडे वळते, इतकेच. म्हणूनच संगीत हे दुधारी साधन आहे. वेदनेची पहिली सूचना त्याच गाण्याखाली दडपली जाते आणि रस्त्यावर मागून येणाऱ्या वाहनाचा आवाजही ऐकू येत नाही. अधिकृत स्पर्धांच्या नियमांत तर धावताना अशी उपकरणे वापरणे हे बाहेरचे साहाय्य मानले जाते. गंगापूर रोडवरचे जुने धावक एकच कान झाकतात किंवा सोबत्याशी बोलत धावतात. बोलताना धाप लागली नाही तर वेग योग्य आहे, हे साधे मोजमाप त्यांना कोणत्याही घड्याळापेक्षा विश्वासाचे वाटते.

दिवसाचे दहा-बारा तास गादीवर बसणाऱ्या माणसाने चाळिशीनंतर धावण्यास प्रारंभ केला की पहिले दोन महिने मोठ्या आनंदाचे जातात. दम वाढतो, वजन उतरते, झोप चांगली लागते. धोका नेमका येथेच असतो. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात. हाडे आणि स्नायूबंध यांना त्याहून बराच अधिक काळ लागतो. दम आहे म्हणून पाय पुढे जातात आणि मग टाचेचे, नडगीचे किंवा गुडघ्याचे दुखणे उभे राहते. दर आठवड्याला अंतर दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, असा एक नियम सर्वत्र सांगितला जातो. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन येथे नवख्या धावकांवर हा नियम पारखण्यात आला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात नियम पाळणाऱ्या गटात आणि दुसऱ्या गटात दुखापतींचे प्रमाण जवळपास सारखेच, सुमारे वीस टक्के, निघाले. म्हणजे केवळ आकड्यांच्या हिशेबाने शरीर सांभाळले जात नाही. हाडावर एकाच ठिकाणी बोट ठेवताच दुखणे, रात्री विश्रांतीतही ठणका राहणे, ही लक्षणे दिसताच धावणे थांबवून वैद्यांना दाखवणे, हाच खरा नियम होय.

शहराच्या उत्तरेस म्हसरूळला गजपंथ सिद्धक्षेत्र आहे. तेथील चारशेहून अधिक पायऱ्या वंदनेसाठी आहेत, वेग आजमावण्यासाठी नव्हेत. तरी यात्रेकरूंच्या पायांना तेथे जे उमगते ते धावकांनाही उपयोगी आहे. चढताना धाप लागते, पण मांड्या दुखतात त्या उतरल्यानंतर दुसऱ्या दिवशी. उतारावर स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार रोखून धरतात. म्हणून नव्या धावकाने चढ निवडावा आणि उतार चालत यावे.

व्रतस्थ कुटुंबांपुढे आणखी एक प्रश्न असतो. नवकारसी करणाऱ्यास सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणी वर्ज्य. चौविहार करणाऱ्यास सूर्यास्तानंतर. जानेवारीच्या थंडीत पहाटेची चाळीस-पन्नास मिनिटांची संथ धाव निरोगी माणसाला पाण्यावाचून साधते. दोन तासांची साधत नाही आणि एप्रिलच्या उकाड्यात तर प्रयत्नही करू नये. अशा धावकाने लांबची धाव हिवाळ्यातील रविवारी नवकारसी पारून, पाणी आणि दोन खजूर घेऊन करावी. सायंकाळी धावायचे असल्यास पाणी पिऊन सूर्यास्त होण्याइतका अवधी हाती ठेवावा. मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ज्या दिवशी व्रत आणि अंतर यांचा मेळ बसत नाही, त्या दिवशी अंतर कमी करावे. व्रत राहते, पायही राहतात आणि पुढचा रविवार कोठे जात नाही.

मॅरेथॉनचे अंतर ४२.१९५ किलोमीटर आहे. ते पार करणे ही मोठी गोष्ट खरीच. पण गादीवर बसणाऱ्या माणसासाठी कसोटी निराळी आहे. सकाळी धावून आल्यावर दुकानाचे शटर उचलताना कंबर कुरकुरली नाही, दिवसभर गिऱ्हाइकाशी बोलताना चेहऱ्यावर थकवा दिसला नाही आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा बूट घालावेसे वाटले, तर ते अंतर त्याच्यासाठी पुरेसे होते असे समजावे.