दांड्याची जागा

स्वयंपाकघर लहान आहे, भांडी मावत नाहीत, काहीतरी करून द्या, असा निरोप ज्या घरातून येतो तिथं जागा कमी असतेच. पण ओट्याखाली डोकावलं की भांड्यांपेक्षा दांडेच जास्त दिसतात. फ्राइंग पॅनचा दांडा, सॉस पॅनचा दांडा, तडक्याच्या पळीचा दांडा, कुकरचे दोन. ट्रॉलीच्या धंद्यात उमर गेली. आता वाकून चॅनेल बसवायचं काम तरुण पोरांकडे देऊन मी फक्त मापं घेतो, आणि माझ्या मापाचा मला अभिमान आहे; सुताचा फरक मी नजरेनं सांगतो. त्या मापांच्या जोरावरच म्हणतो की छोट्या स्वयंपाकघरातली जागा भांडं खात नाही, त्याला कायमचा जोडलेला दांडा खातो.

हिशेब सोपा आहे. ओटा दोन फूट खोल, ट्रॉली वीस इंच. मागचे चार इंच पाइपांना सोडावे लागतात. रुंदीतून चॅनेलला प्रत्येक बाजूला चार सूत जातात. एक खण सिंकच्या नळीचा, एक 14.2 किलोच्या सिलिंडरचा. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत भावाभावांत वाटून उभ्या चिरलेल्या घरांत एवढं झाल्यावर दोन-तीन खणच उरतात. त्यात दहा इंची पॅन ठेवा. त्याचा आठ इंची दांडा जेमतेम इंचभर रुंद असतो, पण त्याच्या अल्याड-पल्याड जी जागा राहते तिथं पातेलं बसत नाही, वाटी ठेवली तर कलंडते. म्हणजे इंचभर दांड्यानं दहा इंची पट्टी अडवली. शिवाय दांडा सपाट नसतो, टोकाला वर उचललेला असतो. एकावर एक तीन पॅन रचले की वरच्याचा दांडा वरच्या बास्केटच्या तारेत अडकतो आणि ट्रॉली शेवटचे दोन इंच आत जात नाही. घरचे म्हणतात चॅनेल खराब झालं. चॅनेलचा काही दोष नसतो.

याच्याशेजारी जर्मनच्या पातेल्यांचा संच ठेवून बघा. पाच पातेली एकात एक बसतात आणि सगळ्यांत मोठ्या पातेल्याएवढीच जागा घेतात. बाहेरचं बारा इंची असेल तर बारा इंचात पाचही. हे जमतं कारण त्यांना दांडा नाही, नुसता बाहेर वळवलेला काठ आहे; दांड्याचं काम सांडशी करते. सगळ्या घराला मिळून एक दांडा, तोही खिळ्याला टांगलेला. जपानी हॉटेलांच्या मुदपाकात यात्तोको नाबे नावाची बिनदांड्याची भांडी असतात, पकडीनं धरतात आणि एकात एक रचतात. तिथल्या अरुंद जागेतल्या आचाऱ्यांनाही हाच मार्ग सापडला. आपल्याकडे तर त्याची गरज अधिक. कोल्हापुरी मटण एका भांड्यात होत नाही. आधी अळणी शिजतं, त्यातून तांबडा वेगळा, पांढरा वेगळा, सुकं वेगळं, वर भात. पाच भांडी एकाच वेळी लागतात आणि एकाच वेळी धुऊन परत ठेवायची असतात. रविवारी दुपारी तीन वाजता ती कुठं जातात, यावर स्वयंपाकघराची परीक्षा होते. शोरूमच्या फोटोवर होत नाही.

शोरूमवाल्यांशी माझं भांडण इथंच आहे. ते आधी कपाट विकतात आणि भांडी त्यात कोंबायला सांगतात. आजच्या मॉड्युलर किचनचं मूळ जिथं दाखवतात ते फ्रँकफर्टचं स्वयंपाकघर मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुकार बाईंनी 1926 मध्ये आखलं. कामगारवस्तीसाठी, सुमारे 1.9 बाय 3.4 मीटरचं. त्यात तांदळासारख्या कोरड्या मालासाठी ॲल्युमिनियमचे ओतायचे खण होते, जिन्नस ठरवून त्यासाठीच केलेले. आपण त्यातलं कपाट उचललं, आत काय ठेवायचं याचा विचार तिथंच सोडला. प्लेट रॅक, कप-सॉसर रॅक, बाटल्यांचा उभा खण असं सगळं मिळतं. परात आणि काठवट उभी राहील असा खण मागितला तर कॅटलॉगमध्ये नाही म्हणतात. तो सुताराकडूनच करून घ्यावा लागतो, आणि पाच इंच रुंदी त्याला पुरते.

सांडशी निसटते, भाजतं, असा आक्षेप येतो. ढिल्या रिवेटची सांडशी निसटतेच, ती बदलावी. पण अरुंद स्वयंपाकघरात शेगडीबाहेर आलेल्या दांड्याला जाता-येता कंबर लागते, पोराचा हात पोचतो, हा धोका कोणी मोजत नाही. दुसरा आक्षेप असा की एकात एक ठेवलेलं काढताना सगळी उतरंड हलवावी लागते. धान्याच्या मडक्यांच्या उतरंडीत तसं होतं, कारण मोठं तळाला आणि लहान त्याच्या डोक्यावर. पातेल्यांत लहान सगळ्यात आत, म्हणजे हाताला पहिलं येतं, आणि रोज आमटीला, चहाला लागतं तेच. दुधाचं पातेलं तर ट्रॉलीत जातच नाही, ते ओट्यावरून फ्रीजमध्ये नि फ्रीजमधून ओट्यावर. नॉनस्टिक मात्र एकात एक ठेवलं की चरे पडतात, हे मान्य. मधे फडकं घालावं, किंवा घरात एकच ठेवावं. बिडाचं तर आणखी दुखणं. उद्यमनगरात ओतकाम करणारे शहरभर प्रसिद्ध, आणि हल्ली बाजारात येणाऱ्या बिडाच्या पॅनला लांब दांडा ओतलेला असतो. जुन्या कढईला दोन कान पुरत होते. कान आखूड असल्यानं कढईत कढई बसते; एवढं वजन दांड्याला धरून एका हातानं पेलायला लावण्यात काय सोय आहे, मला कळलेलं नाही.

पूररेषेतल्या घरांना हा विषय आणखी जवळचा. पंचगंगेची धोका पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. 2019 आणि 2021 मध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाड्यात, शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत पाणी शिरतं तेव्हा प्लायवूड फुगतं, चॅनेल गंजतं. एकात एक बसणारी भांडी एका खेपेत माळ्यावर जातात. दांड्याची भांडी पोत्यातही नीट बसत नाहीत.

कुकरचं कोडं मला सुटलेलं नाही. त्याला दांडा हवाच, झाकण दाबून लावायला त्याशिवाय आधार नाही. झाकण उलटं करून कुकरवर ठेवलं तर उंची वाढते आणि ट्रॉली अडते; वेगळं ठेवलं तर ते आणखी एक पॅन होऊन बसतं. सध्या मी सिलिंडरच्या खणात, सिलिंडरच्या बाजूला उरणाऱ्या तीन इंचांत, झाकणं उभी राहतील अशी तार वाकवून देतो. रेग्युलेटरला हात जाईल इतकी वर, रबरी नळीला घासणार नाही इतकी बाजूला. पाच लिटरचं झाकण त्यात बसतं. साडेसात लिटरचं अजून बसत नाही.