चौकात कोण बसतं?

बालमित्रांनो, ‘प्रकल्पासाठी विषय कोणता घेऊ?’ हा प्रश्न फक्त तुम्हालाच छळतो असं समजू नका हं! माझी भाची पुण्यात आर्किटेक्चर शिकते. पाच वर्षांचा हा अभ्यासक्रम. शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक विषय निवडून त्याचा कसून अभ्यास करावा लागतो, मग आराखडे काढावे लागतात. कॉलेजात त्याला ‘थीसिस’ म्हणतात. भाचीनं विषय घेतला, ‘शहरातल्या सार्वजनिक जागा’.

म्हणजे चौक, बागा, मैदानं, घाट, देवळापुढचं पटांगण, अगदी बसथांबासुद्धा! महिनाभर वाचून तिची वही भरली, पण पुढे काय करायचं ते सुचेना. सर म्हणाले, विषय फार मोठा आहे. मुदत तर जवळ आलेली.

“मावशी, सगळं शहर डोक्यात फिरतंय गं, पण हाती काहीच लागत नाही,” ती रडवेली होऊन म्हणाली.

आम्ही प्राथमिक शाळेत परिसर अभ्यास शिकवताना मुलांना आधी शाळेचं अंगण दाखवतो, जिल्ह्याचा नकाशा नंतर. मी म्हटलं, “तू एकच चौक घे. तिथे कोण बसतं, कुठे बसतं, किती वेळ बसतं, एवढंच लिही.”

तिचे डोळे चमकले. अमेरिकेतल्या विल्यम व्हाइट यांनी असंच केलं होतं, ती सांगू लागली. न्यूयॉर्कमध्ये उंच इमारतींपुढे मोकळी पटांगणं होती. काही माणसांनी गजबजलेली, काही ओस. असं का? व्हाइट यांनी कॅमेरे लावून माणसांचं निरीक्षण केलं आणि १९८० साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं, की जिथे बसायला सोय, तिथे माणसं बसतात. किती साधं उत्तर! पण ते बघूनच सापडलं.

दुसरी गोष्ट ॲमस्टरडॅमची. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे मुलांना खेळायला जागा कमी होत्या. आल्डो व्हान आयक या तरुण वास्तुरचनाकारानं १९४७ साली एका चौकात वाळूचा हौद, उड्या मारायला ठोकळे आणि लोंबकळायला दांड्या बसवल्या. १९७८ पर्यंत शहरात अशी सातशेहून जास्त क्रीडांगणं झाली. मोठ्या कामाची सुरुवात एका लहान चौकातून झाली, बरं का!

मग भाची आठ दिवस आमच्या चौकात बसली. सकाळी पारावर आजोबा मंडळी. संध्याकाळी मुलांचा कट्टा, भेळेच्या गाडीपाशी गर्दी. क्लास सुटला की मुलीही यायच्या, पण बसायच्या नाहीत. सायकल हातात धरून उभ्यानंच दोन मिनिटं बोलायच्या आणि निघायच्या.

तिनं एकीला विचारलं, “बसत का नाही गं?”

“बसलो की लोक बघतात. सायकल हातात असली की निघालोच आहोत असं वाटतं.”

त्या रात्री भाचीनं वहीत एकच प्रश्न लिहिला : शाळकरी मुलींना निवांत बसता येईल असा चौक कसा असावा? मुंबईतल्या स्त्रियांना काहीही काम नसताना रस्त्यावर रेंगाळता येतं का, यावर तीन लेखिकांनी २०११ साली एक पुस्तक लिहिलं आहे. त्यांतल्या शिल्पा रानडे वास्तुरचनाकारच आहेत. ते पुस्तक तिनं लगेच मिळवलं. चांगला उजेड, चारचौघांना दिसेल असं बाक, जवळ स्वच्छ स्वच्छतागृह, सायकली लावायला जागा, अशी यादी वाढत गेली. सरांनी वही वाचली आणि म्हणाले, “आता कर सुरुवात!”

मुलांनो, या रविवारी तुमच्या चौकाचा नकाशा काढा. कोण कुठे बसलंय, तिथे खूण करा. आणि कोण बसलेलं नाही, तेही जरूर लिहा. आईबाबांनो, नकाशा पाहून झाला की लेकीला एकदा विचारा, “तुला कुठे बसायला आवडेल?”