‘झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

2004 साली सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप हा स्वयंसेवकांनी रेखाटलेला आणि कुणालाही मुक्तपणे वापरता येणारा जगाचा नकाशा असून, आपत्तीच्या वेळी त्याचे काम बहुधा ‘टास्किंग मॅनेजर’ या संगणकप्रणालीतून वाटले जाते. 2010 च्या हैती भूकंपानंतर आकाराला आलेल्या ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमची ही प्रणाली प्रदेशाचे चौकोन पाडते, एकाने घेतलेला चौकोन तेवढा वेळ इतरांसाठी बंद ठेवते आणि उपग्रहचित्रावरून घरे-रस्ते रेखाटून झाले की तो तपासणीसाठी अनुभवी स्वयंसेवकाकडे सोपवते.

हिंजवडीलगतच्या माणमधील एखादा चौकोन घेतला, तर त्यात राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या इमारती सहज ओळखू येतात. पण मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या, गोठे आणि अर्धवट उभ्या इमारती वेगळ्या काढताना डोळ्यांची परीक्षा होते, आणि चित्र जुने असेल तर मेगापोलिस सर्कलहून शिवाजीनगरकडे जाणाऱ्या मेट्रोचे खांबही त्यात सापडत नाहीत. अशा चौकोनावर अर्धा तास खपून उठणाऱ्यापुढे नुसते ‘झाले’ असे बटण असेल, तर तो आजपुरते आपले काम आटोपले म्हणून ते दाबतो आणि प्रणाली मात्र चौकोनात काहीच उरले नाही असे नोंदवते. मग चौकोनाचा रंग बदलतो आणि राहिलेल्या खोल्यांकडे, तपासनीस येईपर्यंत तरी, कोणी फिरकत नाही.

म्हणूनच प्रणालीच्या अलीकडच्या आवृत्तीत चौकोन पूर्ण रेखाटला गेला आहे का, असा थेट प्रश्न विचारून ‘होय’, ‘नाही’ आणि ‘चित्र खराब आहे’ असे पर्याय दिले गेले, ही सुधारणा मोलाची आहे. कारण तिच्यात विचारणा माणसाच्या कामगिरीची नसून जमिनीच्या तुकड्याची आहे. परत पाठवलेल्या चौकोनावर पूर्वी ‘अवैध’ अशा अर्थाचा शिक्का बसत असे, त्याजागी ‘अजून रेखाटन हवे’ अशा अर्थाचा शेरा आला, हेही योग्यच झाले (अवैध हा शब्द नोटिशीत वाचायची सवय असलेला नवखा त्यानंतर परतलाच नसता). बटणांचे मराठीकरण करणाऱ्यांनी शब्दकोशातला प्रतिशब्द पाहण्याआधी, ते दाबल्यावर चौकोनाचे पुढे काय होते हे पाहावे. आणि अर्ध्यावर उठावे लागणाऱ्या स्वयंसेवकाने संकोच न करता ‘नाही’ निवडून कोणता भाग राहिला हे शेऱ्याच्या चौकटीत एका ओळीत लिहावे.