समुद्रकाठचा सातबारा

दिवाळी उरकली होती, ऊसतोड टोळ्या अजून यायच्या होत्या. तेवढ्या सवडीत मित्राबरोबर चार दिवस कोकणात गाडी फिरवून आलो. खुटबावहून पुणे, ताम्हिणी, माणगाव, हरिहरेश्वर आणि तिथून किनारा धरून खाली राजापूरपर्यंत. फोटो आधीच टाकलेत, तुम्ही लाईकही केलेत. फोटोत जे आलं नाही ते लिहितोय, कारण त्याचा संबंध आपल्या दौंडकरांशी आहे.

मित्र बागायतदार. तो फिरायला निघालाच नव्हता, जमीन बघायला निघाला होता. "रेवस-रेडी रस्ता होणारे. आत्ता घेतली तर घेतली, नंतर हात लावता येणार नाही," हे त्याचं गणित. आपल्याकडे हल्ली पारावर बसलेला प्रत्येक तिसरा माणूस हेच बोलतो.

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर घेणारा शेतकरी असावा लागतो. १९४८ च्या कूळकायद्याचं ६३ वं कलम. जमीन कसणाऱ्याच्या हातात राहावी म्हणून केलेली ही तरतूद. पण आपल्या नावावर सातबारा असला की दौंडचा माणूस दापोलीत जमीन घेऊ शकतो. म्हणजे कालव्याच्या पाण्यावर पिकलेल्या उसाचा पैसा आता समुद्रकाठी निघालाय. यात बेकायदा काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आता रस्त्याविषयी. रेवस ते रेडी या सागरी मार्गाची गोष्ट बॅ. अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे १९८० च्या आसपासची. रस्ता बराचसा आहे, पण खाडी आली की तुटतो. बागमांडल्याला गाडी फेरीबोटीत चढवायची, वेसवीला उतरवायची. तिथल्या बाणकोट खाडीवरच्या पुलाचं काम मध्येच थांबून वर्षं लोटली. पुढे केळशी, आंजर्ले, हर्णै, मग दाभोळला पुन्हा फेरीबोट, पलीकडे धोपावे. गुहागर करून तवसाळला तिसरी, पलीकडे जयगड. गणपतीपुळ्याहून आरे-वारेच्या चढावर आलो तेव्हा मित्रानंच गाडी बाजूला घेतली. खाली दोन किनारे, मधे डोंगराचं नाक. दहा मिनिटं दोघंही गप्प होतो. इतकं सुंदर आहे, यात वाद नाही.

आपल्याला फेरीबोटीची गंमत वाटते. तिथल्या लोकांना तसं वाटत नाही. दाभोळच्या बोटीत मासळीची टोपली घेऊन बसलेल्या एका मावशींना विचारलं, पूल हवा का? म्हणाल्या, "हवा तर. रातीला बोट बंद. कुणाला बरं नसलं तर लांबून वळसा मारायचा." म्हणून 'कोकणी माणसाला विकास नको' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. पूल त्यांनाच आधी हवाय. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललंय, ती वाटही तेच बघत आलेत.

प्रश्न वेगळाच आहे. पूल यायच्या आधी पाट्या आल्यात. 'सी व्ह्यू प्लॉट', 'क्लिअर टायटल', खाली मोबाईल नंबर. २०२४ मध्ये सरकारनं या मार्गालगत १३ विकास केंद्रं ठरवली, १०५ गावांत. त्यांचं नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे. गावकरी अजून नकाशा शोधतोय आणि एजंट प्लॉट दाखवतोय.

आम्हालाही एकानं राजापूर तालुक्यात सड्यावर नेलं. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. एजंट म्हणाला, "पडीक आहे साहेब, काहीच पिकत नाही." शेजारी गवत कापणारे एक आजोबा होते. ते म्हणाले, "पडीक नाय ओ. पावसात हा सडाच पाणी पितो, म्हणून खालच्या विहिरी चालतात. गुरं इथंच चरतात." याच तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आपल्या बागायती डोळ्याला पाणी फक्त पाटात दिसतं. दगडाखालचं दिसत नाही.

सातबारा मागितला तर त्यावर नावंच नावं. निम्मे वारस मुंबईला. "सह्यांचं मी बघतो," एजंट म्हणाला. समुद्रालगत बांधकाम चालेल का, तर "काही अडचण नाही". प्रत्यक्षात २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर, दाट लोकवस्तीच्या गावांत ५० मीटर, बांधकामाला मनाई आहे.

राजापूर म्हटलं की माझ्यासारख्याला शशिकांत वारिशे आठवतात. आपल्यासारखाच तालुक्याच्या गावचा पत्रकार. ६ फेब्रुवारी २०२३ ला राजापूरजवळ त्यांच्या दुचाकीला गाडीनं उडवलं, दुसऱ्या दिवशी ते गेले. रिफायनरीच्या बाजूनं उभ्या असलेल्या एका जमीन एजंटाविषयी त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती. खुनाचा गुन्हा त्याच एजंटावर दाखल झाला. जमिनीच्या बातमीची किंमत कुठवर जाते ते यावरून समजा.

आता आपल्याकडे बघा. पुणे-सोलापूर रस्त्याला गुंठ्यांच्या पाट्या कुणी लावल्या? शेजारच्या पुरंदरमध्ये विमानतळासाठी सात गावांची जमीन घ्यायचा विषय निघाला, तेव्हा आपणच म्हणत होतो ना, की बाहेरच्यांना आधी कळतं आणि गावाला शेवटी? कोकणात आपण तेच बाहेरचे आहोत.

मित्रानं अजून टोकन दिलेलं नाही. त्याचा निर्णय त्याचा. पण तिकडे जाणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. सातबाऱ्यावर 'इतर हक्क'चा रकाना वाचा, कूळ आहे का बघा. एजंटाला सोडून एकदा ग्रामपंचायतीत जा. आणि जमिनीवर सध्या कोण चरतं, कोण पाणी भरतं, ते विचारा.

सरकारकडे मागणी एकच. रस्त्याचा, विकास केंद्राचा नकाशा आधी ग्रामसभेत मराठीत लावा, मग जाहीर करा. घोषणेच्या आधीच्या दोन वर्षांत त्या गावांत कुणी किती जमीन घेतली, ती यादीही सोबत लावा. दस्त सरकारकडेच नोंदलेले असतात, यादी काढायला अवघड काय आहे?

हीच मागणी उद्या दौंडसाठीही करावी लागणार आहे. पटलं तर शेअर करा, नाही पटलं तर खाली लिहा.