वसईचा नाताळ: प्रताप नगरातून अरबी समुद्राकाठी

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, अरबी समुद्र आणि उल्हास नदीची खाडी यांच्या बेचक्यातल्या गावांत, नाताळ मराठीत साजरा होतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत, गायने मराठीत आणि अंगणातल्या गप्पा सामवेदी, वाडवळी नाहीतर कोळी बोलीत. डिसेंबरच्या सुटीत समुद्र पाहायला निघालेले नागपूरकर अलिबाग, गणपतीपुळे किंवा गोवा गाठतात आणि वसई राहून जाते. नागपुरातल्या प्रताप नगरच्या कुटुंबाला मात्र वसईला जाण्याचे एक जादा कारण आहे. नागपूरच्या भोसल्यांचे निम्मे वैभव ज्या करारामुळे गेले, तो याच गावी एका नाताळच्या आठवड्यात झाला.

प्रवास सोपा आहे. नागपुरातून संध्याकाळची विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी दादर येते आणि तिथून विरार लोकल मिळते. त्या वेळी सारी मुंबई चर्चगेटकडे धावत असते, त्यामुळे उलट्या दिशेच्या गाडीत सामानासकट बसायला जागा मिळते. भाईंदर सुटल्यावर गाडी खाडीवरच्या लांब पुलावर चढते. मध्ये पाणजू बेट दिसते, पलीकडे नायगावची मिठागरे, आणि मग वसई रोड स्थानक. मोटारीने जाणाऱ्यांसाठी ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५च्या जूनपासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण खुला झाला आहे. तिथून कामण, चिंचोटीमार्गे वसईत उतरता येते. नागपुरात या दिवसांत पारा दहा अंशांच्या आसपास असतो. वसईत पहाटेच्या गारव्याला पातळ शाल पुरते.

स्थानकाच्या परिसरातली वसई कोणत्याही उपनगरासारखी दाटीवाटीची आहे. पारनाका ओलांडून किल्ल्याच्या रस्त्याला लागले की केळीच्या बागा, पानवेली, विहिरी आणि कौलारू घरे सुरू होतात. इथून गावागावांतले बहुतेक रस्ते एखाद्या चर्चच्या दारावरून जातात. पापडीचे चर्च आज वसई धर्मप्रांताचे मुख्य मंदिर आहे. हा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. नंदाखालच्या चर्चची स्थापना १५७३ची.

या सगळ्याची सुरुवात २३ डिसेंबर १५३४ रोजी झाली. गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगलांच्या स्वारीने अडचणीत आला होता. पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून त्याने वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख, साष्टी आणि मुंबईच्या बेटांसह, त्यांना देऊन टाकला. पुढे सव्वाशे वर्षांनी, १६६१ साली, त्यातलीच मुंबई इंग्लंडच्या राजाला हुंड्यात गेली. वसई मात्र पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी राहिली. तिन्ही बाजूंनी पाणी असलेल्या भूशिरावर त्यांनी तटबंदीचे पूर्ण शहर बांधले. त्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन अशा पंथांची चर्चे व मठ होते, न्यायालय होते, रुग्णालय होते. बुरुजांना संतांची नावे दिली, आणि एका बुरुजाचे नाव होते रेईस मागोस, म्हणजे बाळ येशूच्या दर्शनाला आलेले तीन राजे.

धर्मांतराचा इतिहास सरळ नाही. मंदिरे पाडली गेली, सवलती दिल्या गेल्या, दडपणही आले. काही कुटुंबे गाव सोडून गेली, काही राहिली. राहिलेल्यांनी नवा धर्म घेतला. शेती, बोली, नातीगोती आणि लग्नातल्या रीती सोडल्या नाहीत. उत्तर वसईतल्या सामवेदी ख्रिस्ती समाजातल्या वृद्ध बायका आजही लाल लुगडे नेसतात. वसईचा नाताळ समजून घ्यायचा तर हे लुगडे जेझुइट चर्चच्या दर्शनी भिंतीइतक्याच आदराने पाहावे लागते.

त्या जेझुइटांच्या छायेत शिकलेला एक मुलगा वसईला थेट मेक्सिकोच्या किनाऱ्याशी जोडतो. गोन्सालो गार्सिया १५५६च्या सुमारास वसईत जन्मला. वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईची. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो जेझुइटांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि १५९३ साली दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. त्या काळी मनिला आणि मेक्सिकोचे आकापुल्को बंदर यांच्यामध्ये स्पेनची मालवाहू गलबते ये-जा करत. आकापुल्कोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे गलबत ऑक्टोबर १५९६ मध्ये वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. धर्मगुरुपदाची दीक्षा घेण्यासाठी मायदेशी चाललेला फेलिपे हा मेक्सिकन तरुण त्यावर होता. गलबतावरून वाद पेटला, जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने ख्रिस्ती प्रचारकांना देहदंड फर्मावला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवले गेले. त्यांत वसईचा गोन्सालो होता आणि मेक्सिकोचा फेलिपेही. ८ जून १८६२ रोजी पोप पायस नववे यांनी दोघांना एकाच समारंभात संत घोषित केले. एक भारतभूमीत जन्मलेला पहिला संत, दुसरा मेक्सिकोचा पहिला. वसईजवळच्या गास गावी गोन्सालोच्या नावाचे चर्च आहे आणि वसईतल्या महाविद्यालयालाही त्याचेच नाव आहे.

मेक्सिकोतही नाताळ असाच परक्या धर्मगुरूंनी आणला आणि गावांनी आपलासा केला. १६ ते २४ डिसेंबर अशा नऊ रात्री तिथले लोक मरिया-योसेफाच्या मूर्ती घेऊन दारोदार आसरा मागत गात फिरतात. ही प्रथा १५८७च्या सुमारास आकोल्मानच्या मठातून रूढ झाली. वसईच्या स्वयंपाकघरातही मेक्सिको आहे. ज्या लाल मिरचीवाचून नाताळच्या मटणाचा मसाला होत नाही, ती मूळ तिकडची. पोर्तुगीजांनी ती या किनाऱ्यावर उतरवली.

पोर्तुगीजांची सत्ता १७३९ साली संपली. बाजीराव पेशव्यांचे धाकटे बंधू चिमाजी अप्पा यांनी फेब्रुवारीत वेढा दिला. तटाखाली सुरुंग पेरून सान सेबास्तियन बुरुजाला खिंडार पाडले गेले, आणि मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करली. मराठ्यांच्या बाजूनेही हजारो माणसे पडली. विजयानंतरचे वर्तन अधिक लक्षात ठेवावे असे आहे. पोर्तुगीज सैन्याला सन्मानाने जाऊ दिले आणि मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्माचरणाची मोकळीक मिळाली. युरोपीय धर्मगुरू निघून गेल्यावर देशी धर्मगुरूंनी गावे सांभाळली. पोर्तुगीज आश्रय गेल्यानंतरही गावे ख्रिस्तीच राहिली, ती स्वतःच्या इच्छेने. इथला नाताळ परक्या सत्तेचा अवशेष नाही, याचा याहून भक्कम पुरावा नको. चर्चच्या घंटा मात्र विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला आणि वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही पाहायला मिळतात.

नागपूरचा धागा इथून त्रेसष्ट वर्षे पुढे आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ हडपसरला दुसऱ्या बाजीरावाचा पराभव केला. बाजीराव कोकणात उतरला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वसईत आला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला, तैनाती फौज स्वीकारली आणि मराठी राज्याचे स्वातंत्र्य कागदावर गमावले. नागपूरचे दुसरे रघुजी भोसले आणि दौलतराव शिंदे यांनी हा तह मानला नाही. त्यातून १८०३चे युद्ध झाले. सप्टेंबरात असई, नोव्हेंबरात अडगाव, १५ डिसेंबरला मेळघाटातला गाविलगड, असे एकापाठोपाठ एक पराभव पदरी आले. १७ डिसेंबर १८०३च्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी कटक आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचे वऱ्हाड सोडले. वसईच्या भग्न किल्ल्यात उभे राहिलेल्या नागपूरकराने हे आठवणे रास्त आहे. अकोला-अमरावती एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेली, त्याचे मूळ या गावात आहे.

आज किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणात आहे. छपरे नाहीत, वडाच्या मुळांनी कमानी पकडल्या आहेत. आवारातच नागेश्वर आणि वज्रेश्वरी यांची मंदिरे आहेत. सकाळी लवकर गेल्यास तटावरून खाडी, होड्या आणि पलीकडचा भाईंदर-उत्तनचा किनारा एका नजरेत येतो.

नाताळची तयारी डिसेंबर लागताच सुरू होते. बांबूच्या काड्या आणि रंगीत कागदाच्या चांदण्या ओटीवर टांगल्या जातात. अंगणात, चौकात, कधी विहिरीच्या कठड्यालगत येशूजन्माचा गोठा उभा राहतो. भाताच्या पेंढ्याचे छप्पर, मातीच्या गाई-म्हशी, रोपांसाठी आधीच पेरून हिरवीगार केलेली धान्ये. पुष्कळ गोठ्यांत बेथलेहेमचे रूप वसईच्या गावासारखे असते. रहाट असतो, केळी असतात. पोरे रात्ररात्र जागून हे काम करतात आणि गावोगावी गोठ्यांच्या स्पर्धा लागतात. घरात करंज्या, कुलकुल आणि केक होतात. आंबवलेल्या पिठाचे तळलेले फुगे मटणाच्या रश्शाबरोबर वाढले जातात.

२४ डिसेंबरच्या रात्रीची मिस्सा बहुधा चर्चच्या मैदानात, उघड्या आभाळाखाली होते. माणसे इतकी असतात की आत मावत नाहीत. मराठी गायनांना पेटी-तबल्याची साथ असते, आणि त्यांची परंपरा फार जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात राचोलला १६१६ साली छापले गेले, म्हणजे येशूजन्माची कथा मराठी ओवीत येऊन चारशे वर्षे झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या भक्तिरचनांचेही मूळ नागपूरशी जोडलेले आहे. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीतल्या एका सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला होता. वसईने तर मराठीला साहित्य संमेलनाध्यक्ष दिला. नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२०च्या उस्मानाबाद संमेलनाचे अध्यक्ष होते. ‘सुबोध बायबल’ त्यांचेच, आणि ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादनही त्यांनी अनेक वर्षे केले.

पाहुण्याने मिस्सेला जावे, मागच्या रांगेत बसावे, ख्रिस्तशरीर स्वीकारण्याच्या वेळी जागेवरच थांबावे. नंतरच्या शुभेच्छांत परका-आपला असा भेद राहत नाही. दुसऱ्या दिवशी ताटे झाकून शेजाऱ्यांकडे पोचवली जातात, हिंदू घरांतही. दिवाळीत तिकडून फराळ आलेला असतो.

२६ तारखेनंतरचे दिवस किनाऱ्यासाठी ठेवावेत. पाचूबंदरच्या कोळीवाड्यात या दिवसांत बोंबील वाळत असतात. डोल जाळ्यांत सापडलेले बोंबील जोडीजोडीने जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांड्यांवर टांगले जातात, आणि कोरड्या वाऱ्याने काही दिवसांत सुकतात. सणाची पताका लावलेली होडीसुद्धा ओहोटी-भरती पाहून समुद्रात जाते. उत्तरेला अर्नाळा आहे. तिथून होडीने बेटावरच्या किल्ल्यात जाता येते. वाटेत आगाशीची सुकेळी घ्यावीत. ही राजेळी केळी सोलून उन्हात सुकवलेली असतात, दिसायला मधाच्या रंगाची. नालासोपाऱ्याला, म्हणजे प्राचीन शूर्पारकात, बौद्ध स्तूप आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो १८८२ साली उकरून काढला. पोर्तुगीज येण्याच्या दीड हजार वर्षे आधीही हा किनारा जगाशी व्यापार करत होता.

या पट्ट्याची हिरवाई गोड्या पाण्याच्या विहिरींवर उभी आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांच्या आणि टँकरवाल्यांच्या उपशाविरुद्ध दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीमार्फत लढा दिला. भूजल उपसले की खारे पाणी आत शिरते आणि केळी, पानवेली, फुले सगळे जाते, हे गावकऱ्यांना ठाऊक होते. २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली तेव्हा अनेक गावांनी तिच्यात जायला विरोध केला, तो याच भीतीपोटी. मोगरा, जास्वंद आणि चाफा आजही पहाटेच्या लोकलने दादरच्या फुलबाजारात जातात. गोठ्याचा पेंढा अजून जवळच्या शेतांतूनच येतो. ६ जानेवारीला, तीन राजांच्या सणापर्यंत, गोठे अंगणात उभे राहतात आणि मग पेंढा गुरांच्या दावणीत जातो.