उत्तरावरून गणित

परवा ऑस्ट्रेलियातल्या भाचीचा फोन आला. ती भूशास्त्रातली. म्हणाली, "मावशी, उत्तर १२ आलंय. गणित काय होतं सांग."

"सात अधिक पाच."

"तीन चोक का नाही?"

मी गप्प!

तिचं काम हेच. वाकलेले, तुटलेले थर समोर दिसतात, ते उत्तर. लाखो वर्षांपूर्वी खडक किती मऊ होता, ताण किती पडला, हे गणित. एका उत्तराची गणितं अनेक. संगणक वेगवेगळे आकडे घेऊन थर ताणून बघतो, चित्रं काढतो. पण यातलं खऱ्या खडकासारखं कुठलं? 'सारखं दिसणं' आकड्यात बसवणं महाकठीण. म्हणून वाइन्स, बोशेटी आणि मोरेसी या संशोधकांनी २००३ साली छापलेल्या लेखात हे काम माणसाकडे दिलं. जाणकाराने चित्रं बघून क्रम लावायचा. वरच्या नंबरांचे आकडे संगणक एकमेकांत मिसळतो, थोडे बदलतो आणि नवी चित्रं काढतो. पुन्हा क्रम. शेतकरी चांगल्या कणसाचं बी राखतो ना, तसंच.

"पण बघणारा थकतो ना गं?" मी विचारलं.

"थकतो. म्हणून एका वेळी थोडीच चित्रं दाखवायची. आणि आकड्यांत थोडा बदल मुद्दाम करायचा, नाहीतर सगळी चित्रं एकसारखी होतात."

फोन ठेवला आणि मला एक निबंध आठवला. 'माझा आवडता ऋतू'. रात्री अकराला गठ्ठ्यातला शेवटून दुसरा पेपर. पोराने लिहिलं होतं, मला कुठलाच ऋतू आवडत नाही, पावसात घर गळतं, उन्हाळ्यात विहीर आटते. मी दहापैकी तीन दिले. शेरा मारला, 'विषय सोडून'. चांगला निबंध कसा दिसतो हे माझं आधीच ठरलेलं होतं. त्यानंतर तो वर्षभर सगळ्यांसारखंच लिहीत राहिला. वसंत, कोकिळा, आम्रमोहोर. मी सात देत राहिले.

यंत्राला माझ्यासारख्यांची नजर हवी आहे हे ऐकून आधी बरं वाटलं होतं. आता तितकंसं वाटत नाही.

असो. वाचणाऱ्यांत कोणी शिक्षक असाल तर एवढंच, शेवटचा गठ्ठा सकाळी तपासा.