टपालाने आलेली गाणी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. आज एक कबुली द्यायची आहे. घरचीही काही मंडळी हे पान वाचतात, म्हणून तर ती इथेच देतो.

माझा नातू पुण्यात शिकतो. तो आणि त्याचा बंगळुरूचा मित्र मिळून गाणी करतात. एका खोलीत बसून नव्हे हं! हा लॅपटॉपवर ठेका आणि सुरावट बांधून पाठवतो, मित्र त्यावर गातो आणि परत धाडतो. मागच्या दिवाळीत त्याने मला एक गाणं ऐकवलं. मी मास्तरी सवयीने शेरा मारला, "यात माणूस कुठे आहे? सगळं यंत्रच!" तो काही बोलला नाही. जाताना एवढंच म्हणाला, "आजोबा, कधी जमलं तर 'द पोस्टल सर्व्हिस' ऐका."

त्यानंतर फोन येतात, तब्येतीची चौकशी होते, पण गाण्याचा विषय निघत नाही.

गेल्या आठवड्यात न राहवून मी ते नाव शोधलं. हा अमेरिकेतला एक बँड. जिमी टॅम्बोरेलो लॉस एंजेलिसमध्ये, बेन गिबर्ड सिएटलला. अंतर सुमारे १८०० किलोमीटर. जिमी यंत्रावर संगीत तयार करून टेप टपालाने पाठवायचा, बेन त्यात गिटार आणि आवाज मिसळून परत पाठवायचा. म्हणून नावच 'पोस्टल सर्व्हिस'. २००३ मध्ये 'सब पॉप' या सिएटलच्या कंपनीने त्यांचा 'गिव्ह अप' हा अल्बम काढला. गंमत म्हणजे अमेरिकेच्या टपाल खात्याने नावावर हरकत घेतली! शेवटी तडजोड होऊन २००४ मध्ये या मंडळींनी टपाल खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसमोर कार्यक्रम केला. त्यांचा तेवढा एकच अल्बम, पण अमेरिकेत त्याच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. २०२३ मध्ये, वीस वर्षांनी, लोक तीच गाणी ऐकायला पुन्हा जमले.

ऐकलं. इंग्रजी शब्द निम्मे कळले. यंत्राचा टिकटिक ठेका, आणि त्यावर अगदी साधा, शेजारी बसून बोलावं तसा आवाज. पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं.

१९८१ साली माझा धाकटा भाऊ मस्कतला नोकरीला गेला. फोन परवडायचा नाही. आम्ही साठ मिनिटांची कॅसेट भरून पाठवायचो. आई टेपरेकॉर्डरसमोर पदर सावरून बसायची. "जेवलास का रे?" असं विचारून ती थांबायची, जणू तो समोरच आहे. टेपवर तेवढी जागा कोरी राहायची. आम्ही हसायचो. पुढे भावाने सांगितलं, की त्या कोऱ्या जागेत तो रोज मोठ्याने उत्तर द्यायचा.

जिमीच्या संगीतात अशाच जागा असणार. दूरच्या माणसाने येऊन भराव्यात म्हणून ठेवलेल्या. माझा नातूही तेच करतोय, फक्त टपालाचे दिवस गेले. मग माणूस नाही कसा?

आणि यंत्राचं म्हणाल, तर आमच्या सौ. रोज पहाटे रियाजाला बसतात तेव्हा तानपुरा इलेक्ट्रॉनिक असतो आणि तबलाही पेटीतलाच. त्याला मी कधी नावं ठेवली नाहीत. ते 'आपलं' ना! छत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांवर शेरे लिहिले, पण पूर्ण वाचल्याशिवाय एकही लिहिला नाही. नातवाचं गाणं मात्र अर्धवट ऐकून नापास केलं.

असो. परवा त्याच्याकडून तेच गाणं पुन्हा मागवलं. आलं. कानात यंत्र घालून तीनदा ऐकलं. मग खरं तेच लिहून पाठवलं: शब्द नीट ऐकू येत नाहीत, धृपद उगीच लांबलंय, पण मधे ठेका थांबून नुसता आवाज उरतो, तिथे मला तुझ्या पणजीची आठवण झाली. आणि दिवाळीत बोललो ते चुकलं.

दोन निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर अजून नाही. मी वाट बघतोय.